इरावती कर्वे : माणसांमधील वेगळेपणाचा शोध घेणारी विदुषी

मराठी वाचकांना इरावती कर्वे हे नाव प्रामुख्याने 'युगान्त'मुळे परिचित आहे. महाभारतातील व्यक्तिरेखांचे परखड परीक्षण करणाऱ्या या ग्रंथाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तथापि इरावतीबाईंचा मूळ व्यासंग मानववंशशास्त्राचा होता. एकाच देशात, एकाच गावात, किंबहुना एकाच व्यवसायात पिढ्यानपिढ्या राहणारी माणसे एकमेकांपासून वेगळी का असतात आणि हे वेगळेपण कोठून येते, या प्रश्नाचा त्यांनी चार दशके पाठपुरावा केला. डोक्याची मापे, रक्तगट, नातेसंबंधांची परिभाषा, कुंभाराचे चाक आणि वारकऱ्यांची पंगत अशा अनेक वाटांनी त्या या प्रश्नाकडे गेल्या.

माणसाच्या आवडीनिवडी, अगदी जिभेची चवसुद्धा, काही अंशी जन्मतःच ठरलेली असते, असे आजचे आनुवंशशास्त्र सांगते. या ज्ञानाचा अर्थ लावताना इरावतीबाईंनी केलेले काम आजही उपयोगी पडते.

बालपण आणि शिक्षण

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरि करमरकर तेथे कापसाच्या एका कंपनीत नोकरीस होते. ब्रह्मदेशाच्या मध्यातून वाहणाऱ्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी तिला पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत पाठविण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण लाभली आणि तिच्यामुळे रँग्लर परांजपे यांच्या घराचे दार उघडले. ग्रंथांनी भरलेल्या आणि मोकळ्या चर्चेची सवय असलेल्या या घरात त्यांची जडणघडण झाली.

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान विषयात पदवी घेतल्यानंतर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. १९२८ साली त्यांनी एम.ए.साठी चित्पावन ब्राह्मण या आपल्याच ज्ञातीवर प्रबंध सादर केला. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

पुढील शिक्षणासाठी जर्मनीस जाण्याचा विचार पुढे आला, तेव्हा खुद्द महर्षींनी त्यास विरोध केला. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सासऱ्यांचा हा विरोध अनपेक्षित होता. मात्र दिनकरराव पत्नीच्या बाजूने उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ रक्कम मिळाली आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या.

बर्लिनमधील कवट्या

बर्लिनच्या दालेम भागातील कैसर विल्हेल्म संस्थेचा मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र विभाग १९२७ साली स्थापन झाला होता. त्याचे संचालक ऑयगेन फिशर हे त्या काळी युरोपातील नामांकित शास्त्रज्ञ होते. मानवी गुणावगुण वंशावर अवलंबून असतात आणि काही वंश जात्याच श्रेष्ठ असतात, अशी त्यांची धारणा होती.

फिशर यांनी इरावतीबाईंना कवटीच्या असममितीचा विषय दिला. मानवी कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा असमतोल गोऱ्या युरोपीयांमध्ये अधिक असतो आणि त्याचा संबंध त्यांच्या अधिक विकसित बुद्धीशी आहे, असा फिशर यांचा तर्क होता. तो मापांनी सिद्ध व्हावा, ही त्यांची अपेक्षा होती.

संस्थेच्या संग्रहात युरोपीय कवट्यांबरोबरच जर्मन वसाहतींच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या कवट्याही होत्या. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची बारकाईने मोजणी केली. हाती आलेला निष्कर्ष गुरूच्या अपेक्षेच्या विरुद्ध होता. असमतोल सर्वच गटांत आढळत होता आणि त्याचा वंशाशी संबंध दिसत नव्हता. परक्या देशात, कर्ज काढून आलेल्या पंचविशीतील विद्यार्थिनीने हा निष्कर्ष जसाच्या तसा प्रबंधात मांडला. पदवी मिळाली, परंतु फिशर यांनी दिलेली श्रेणी खालची होती.

या निष्कर्षाचे मोल पुढील काही वर्षांत स्पष्ट झाले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यानंतर फिशर यांची संस्था नाझी वंशनीतीला शास्त्राचा आधार पुरवणारे केंद्र बनली. युद्धकाळात ऑशविट्झच्या छळछावणीतून जमविलेले मानवी अवशेषही याच संस्थेत तपासणीसाठी येत असत. तोपर्यंत इरावतीबाई भारतात परतून बरीच वर्षे झाली होती. मोजमापाची शिस्त त्यांनी बर्लिनमधून सोबत आणली, वंशश्रेष्ठत्वाची कल्पना मात्र तेथेच सोडली.

एका पुडीतील कडू भुकटी

इरावतीबाईंचे बर्लिनमधील शिक्षण आटोपले त्याच सुमारास, १९३१ साली, अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत एक किरकोळ घटना घडली. आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फिनाइलथायोकार्बमाइड नावाची पांढरी भुकटी बाटलीत भरत असताना तिचे कण हवेत उडाले. शेजारच्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स यांना काहीच चव लागली नव्हती. दोघांनीही भुकटी जिभेवर ठेवून पाहिली. एकाला ती अतिशय कडू लागली, तर दुसऱ्याला बेचव.

'पीटीसी' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थाची चव लागणे किंवा न लागणे हा गुण आईवडिलांकडून मुलांकडे येतो, हे लवकरच दिसून आले. ज्यांना चव लागत नाही अशा दांपत्याच्या मुलांनाही ती सहसा लागत नाही. सुई टोचावी लागत नाही आणि उत्तर क्षणात मिळते, यामुळे रक्तगटांच्या जोडीने ही चाचणी जगभरच्या मानववंशशास्त्रज्ञांच्या पेटीत जाऊन बसली. १९३९ साली रोनाल्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंपांझींनाही पीटीसी चाखवून पाहिले. काही चिंपांझींना ते कडू लागले, काहींना लागले नाही.

मुंबईतही हा प्रयोग झाला. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि आनुवंशशास्त्रज्ञ डॉ. एल. डी. संघवी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रक्तगटांबरोबर पीटीसीच्या चवीचाही समावेश होता. भारतीय जातिसमूहांकडे आनुवंशशास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्या आरंभीच्या महत्त्वाच्या अभ्यासांत त्याची गणना होते.

या चवीचे रहस्य २००३ साली उलगडले. सातव्या गुणसूत्रावरील 'टीएएस२आर३८' हे जनुक जिभेवरील एका ग्राही प्रथिनाची रचना ठरवते. या प्रथिनातील तीन ठिकाणच्या बदलांवर पीटीसी कडू लागणार की नाही, हे मुख्यतः अवलंबून असते. कोबी, मोहरी यांच्या कुळातील भाज्यांमध्ये पीटीसीशी रासायनिक साम्य असलेली द्रव्ये आढळतात. त्यामुळे एकाच ताटात वाढलेली तीच भाजी एका भावंडाला गोडसर आणि दुसऱ्याला कडवट लागू शकते. मुलाच्या हट्टामागे काही वेळा त्याची जीभच निराळी असते.

जात म्हणजे काय?

भारतात परतल्यावर इरावतीबाईंनी १९३१ ते १९३६ या काळात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रशासनात काम केले. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये दाखल झाल्या आणि ही संस्था त्यांची कायमची कर्मभूमी ठरली. १९४७ साली भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत गुजरातमधील लांघणज येथील उत्खननातही त्यांचा सहभाग होता.

या काळात मोजपट्टी आणि नोंदवह्या घेऊन त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला. पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून ख्यातनाम झालेले वि. म. दांडेकर यांनी या मापांच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणाची बाजू सांभाळली. दोघांचा महाराष्ट्राच्या मानवमितीवरील ग्रंथ १९५१ साली डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला.

या कामातून इरावतीबाईंचा सर्वांत महत्त्वाचा सिद्धांत आकारास आला. कुंभार ही एक जात आणि तिच्या कालांतराने पोटजाती पडल्या, असे सामान्यतः मानले जात असे. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील कुंभारांचे अनेक गट होते. कोणी मोठ्या चाकावर काम करणारे थोरचाके, कोणी लहानचाके. त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता, चालीरीती वेगळ्या होत्या आणि शरीराची मापेही जुळत नव्हती. एकाच मूळ जातीचे हे तुकडे नसून निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले आणि एकच व्यवसाय करणारे स्वतंत्र समूह आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. जात म्हणजे आपापसांत विवाह करणाऱ्या नातलगांचा विस्तारित गोतावळा, ही त्यांची व्याख्या होती. 'कुंभार' किंवा 'ब्राह्मण' ही नावे अशा अनेक गोतावळ्यांवर घातलेली एक छत्री होती.

हे प्रतिपादन त्यांचे गुरू घुर्ये यांच्या मताशी जुळणारे नव्हते. बर्लिनप्रमाणे येथेही त्यांनी गुरूपेक्षा नोंदींवर अधिक भरवसा ठेवला. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदू समाजावरील इंग्रजी ग्रंथात हा विचार विस्ताराने आला आहे. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्यासमवेत त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. समान दर्जा आणि समान नाव असलेले हे गट जैविकदृष्ट्या एकजिनसी नाहीत, असे त्यातून दिसून आले. ज्या वर्गात त्यांचा स्वतःचा जन्म झाला होता, त्याच्या एकरूपतेचा समजही या तुलनेने ढळला.

म्हैसूर आणि मामाचे नाते

विवाह कोणाशी होतो, यावर पुढच्या पिढीचा वारसा ठरतो. त्यामुळे इरावतीबाईंच्या अभ्यासात नातेसंबंधांना मध्यवर्ती स्थान मिळाले. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पिले. उत्तरेत मुलगी अनोळखी घरात आणि दूरच्या गावात दिली जाते. दक्षिणेत ती शक्यतो ओळखीच्या, नात्यातल्या घरात जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. येथील अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत होती, परंतु मामा-भाचीचा विवाह निषिद्ध होता. कृष्णा ओलांडून कन्नड मुलुखात उतरल्यावर अनेक समाजांत थोरल्या बहिणीची मुलगी ही मामाची हक्काची वधू मानली जात असे. १९५४ साली इरावतीबाईंनी कर्नाटक आणि ओरिसातील मानवमितीची महाराष्ट्राशी तुलना करणारा अभ्यासही प्रसिद्ध केला.

त्यांच्या निधनानंतर या नात्यांचे जैविक चित्र आकड्यांत समोर आले. १९८० ते १९८९ या दशकात बंगळूर आणि म्हैसूर येथे एक लाखाहून अधिक नवजात बालकांच्या मातांकडून माहिती घेण्यात आली. सुमारे तीनपैकी एक विवाह रक्ताच्या नात्यातला होता आणि त्यांत मामा-भाची विवाहांचे प्रमाण मोठे होते. अशा विवाहांमुळे आईवडिलांकडून एकाच जनुकाची सारखी प्रत मुलाला मिळण्याची शक्यता वाढते. जिभेची चव असो वा एखादा दुर्मिळ आजार, दबून राहिलेला गुण वर येण्याचा हा मार्ग आहे.

आनुवंशिकता आणि संस्कार यांची सरमिसळ पाहायची तर म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्याचे उदाहरण घेता येईल. येथील जुन्या देवराज बाजारात नंजनगूडची रसबाळे केळी, विड्याची पाने आणि म्हैसूर मल्लिगेचे गजरे ही त्या मुलुखाची खास ओळख आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला कन्नड घरांत युगादीचे बेवू-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ खातात. त्याच दिवशी मराठी घरांत गुढीपाडव्याला कडुनिंबाची चटणी असते. रीत दोन्हीकडे एकच, पण प्रत्येक जिभेला ती सारखीच कडू लागेल असे नाही. कडू चव ओळखण्यासाठी मानवी जिभेवर सुमारे पंचवीस प्रकारची ग्राही प्रथिने असतात. पीटीसी ओळखणारे प्रथिन त्यांपैकी केवळ एक आहे. शिवाय लहानपणापासून दरवर्षी चाखलेला कडूपणा पुढे सणाचीच चव होऊन बसतो. जनुके चवीचा पाया घालतात, त्यावरचे घर स्वयंपाकघर बांधते.

एकत्र अभंग, वेगळी पंगत

घरचे अन्न आणि घरचे नाते यांचे साटेलोटे इरावतीबाईंनी पंढरीच्या वाटेवरही अनुभवले. वारीत पायी चालून आल्यावर त्यांनी लिहिलेला 'वाटचाल' हा लेख मराठी ललित गद्यातील उत्कृष्ट लेखनात गणला जातो. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकरी दिवसभर एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, परंतु स्वयंपाक आणि जेवण वेगवेगळे होत असे. या विभागणीने त्या व्यथित झाल्या. मराठा वारकऱ्यांच्या पंगतीत जेवल्यानंतर त्यांच्याशी जवळीक वाढल्याची नोंद त्यांनी केली आहे. बेटीव्यवहाराच्या सीमा शास्त्रज्ञ म्हणून मोजणाऱ्या इरावतीबाईंना रोटीव्यवहाराच्या सीमा माणूस म्हणून बोचत होत्या.

त्यांचे वैयक्तिक जीवनही रूढ चौकटीत मावणारे नव्हते. त्या पतीला नावाने हाक मारीत. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या. आनंद, जाई आणि गौरी ही त्यांची तीन अपत्ये. त्यांपैकी जाई निंबकर आणि गौरी देशपांडे यांनी साहित्यात स्वतंत्र स्थान मिळविले. 'परिपूर्ती', 'भोवरा', 'गंगाजल' हे इरावतीबाईंचे ललित लेखसंग्रह मराठी घरांतून आवडीने वाचले गेले.

मर्यादा आणि वारसा

इरावतीबाईंच्या कार्याला मर्यादाही होत्या. डोके आणि नाक मोजून माणसांचे गट पाडण्याची पद्धत वसाहतकालीन शास्त्राची देणगी होती आणि तिच्यावरील त्यांचा विश्वास आजच्या अभ्यासकांना खटकतो. शरीराच्या मापांवर आहार आणि परिस्थितीचाही परिणाम होतो. केवळ मापांवरून समूहाचे मूळ सांगणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ साली, अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी मानवी आनुवंशिक विविधतेची वाटणी मोजली. एकूण विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता प्रत्येक समूहाच्या आतच, व्यक्तीव्यक्तींमध्ये असल्याचे त्यांना आढळले. पीटीसीची चवही हेच सांगते. चव न लागणाऱ्यांचे प्रमाण युरोपात अधिक आणि पूर्व आशियात कमी असे बदलते, परंतु चव लागणारे आणि न लागणारे जगातील बहुतेक सर्व समाजांत शेजारी शेजारी नांदतात. एखाद्याची जीभ तपासून त्याची जात किंवा देश सांगता येत नाही.

हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत २००९ साली २५ भारतीय समूहांतील १३२ व्यक्तींच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ साली त्याच्या पुढचा टप्पा आला. भारतातील जवळजवळ सर्व समूह प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडले असून हे मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि त्यानंतर अंतर्विवाहाची बंधने घट्ट होत गेली, असे त्यातून दिसले. अंतर्विवाही जात ही दीर्घकाळ टिकलेली जैविक चौकट आहे, या इरावतीबाईंच्या मताला त्यातून दुजोरा मिळाला. त्याचबरोबर या चौकटीच्या मागे सर्वांचे सामायिक आणि संमिश्र पूर्वज उभे आहेत, ही त्यांच्या काळातील साधनांना न दिसलेली बाजूही उजेडात आली.

माणसांमधील भेद इरावतीबाईंनी कधी नाकारले नाहीत. आयुष्यभर त्यांनी ते मोजले, नोंदले आणि समजून घेतले. या भेदांची उतरंड रचून काहींना वरच्या आणि काहींना खालच्या पायरीवर बसविण्याचा अधिकार शास्त्राला आहे, हे मात्र त्यांनी मान्य केले नाही. जनुकांविषयी रोज नवी माहिती हाती येत असताना आणि तिचा आधार घेऊन श्रेष्ठ-कनिष्ठतेचे जुने दावे नव्या भाषेत मांडले जात असताना, १४९ कवट्या मोजून खरे तेच लिहिणाऱ्या या विदुषीचे स्मरण औचित्याचे ठरते.